नळाच्या माहेरी

मे महिना, चार लॅपटॉप, एक ब्लूटूथ स्पीकर आणि पवनेच्या काठची एक कॉटेज. गेलो होतो चिल मारायला, पण भेट झाली ती आपल्याच नळाच्या माहेरच्या माणसांशी!

शनिवारची सकाळ. समोर पवनेचं पाणी, पलीकडे तिकोना, डावीकडे तुंगचा सुळका. काचेच्या भिंतीची त्रिकोणी कॉटेज, इन्स्टाग्रामवर असते अगदी तशी. मी शॉवरखाली, केसांत भरपूर शाम्पू... आणि पाणी गेलं!

निगडीत राहणाऱ्या माणसाला पाणी जाण्याचं नवल वाटायचं कारण नाही. २५ नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं आणि वर्षानुवर्षं ते तसंच चालू राहिलं. आमच्या घरात कॅलेंडरवर सणवार नंतर, आधी पाण्याचे वार. पण धरणाच्या काठावर, खिडकीतून मैलभर पाणी दिसत असताना बाथरूममधला नळ कोरडा? हे म्हणजे हलवायाच्या घरी साखर संपल्यासारखं झालं. टॉवेल गुंडाळून मी ओरडले, "अरे कुणीतरी बघा ना!"

आणि इथून आमच्या वीकेण्डला वेगळंच वळण लागलं.

बुकिंग ते बार्बेक्यू

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही चौघं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत, नवरा हिंजवडीत कोड लिहितो. आमचा एक मित्र भोसरीत मेंटेनन्स सांभाळतो आणि त्याची बायको एचआरमध्ये. चौघांच्या सुट्ट्या जुळवणं म्हणजे पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड काम. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, आयटीवाल्यांना शनिवार-रविवार, आणि माझ्याकडे ऑडिट आलं की कुठलाच वार नाही. शेवटी मेंटेनन्सवाल्याने दोन गुरुवार भरून काढायचं कबूल केलं तेव्हा कुठे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ असा मुहूर्त निघाला.

पवनानगरला जायला निगडीहून जुन्या हायवेने कामशेत गाठायचं आणि डावीकडे वळायचं. तास-सव्वा तासाचा मामला. पवनानगरला जुनी माणसं अजून काले कॉलनी म्हणतात, त्यामुळे रस्ता विचारताना दोन्ही नावं तोंडात असू द्या. तिथून पाण्याच्या कडेकडेने ठाकुरसाई, आंबेगाव, फांगणे अशी गावं लागतात आणि प्रत्येक वळणावर 'लेक व्ह्यू', 'लेक साइड', 'लेक टच' असले बोर्ड. यातला फरक एवढाच, की व्ह्यूमधून पाणी दिसतं, साइडला चालत जाता येतं आणि टच असेल तर पैसे जास्त लागतात!

इथलं वेळापत्रक सगळीकडे सारखंच. चारला चेक-इन, पाचला चहा-भजी, सातला बार्बेक्यूची शेगडी, मग कराओके किंवा गिटारवाला, नऊला जेवण, त्यानंतर पडद्यावर सिनेमा, पहाटे कुणाच्या तरी तंबूतून घोरण्याचा आवाज, सकाळी पोहे आणि अकराला चेक-आउट. तंबू असो, डोम असो की आमच्यासारखी कॉटेज, पोहे चुकत नाहीत.

आवाजाचं मात्र आधीच सांगून ठेवते. रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची थोडी गरम राहते. त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकून पाण्यावरून लांबवर पोचतो. परिणाम? पलीकडच्या काठावरचा हौशी किशोरकुमार तुमच्या उशाशी बसून गातोय असं वाटतं. आमच्याही जवळ स्पीकर होता. पहिल्या रात्री आम्ही तो लावला आणि दहा मिनिटांत लाजेने बंद केला, कारण आसपासच्या पाच स्पीकरांच्या खिचडीत आमचं गाणं आम्हालाच ऐकू येईना. शांतता हवी असेल तर मधल्या वारी जा. एमआयडीसीवाल्यांच्या गुरुवारच्या सुट्टीचा हा फायदा आयटीवाल्यांना कधी कळायचा नाही.

नेटवर्कचा दगड

कॉटेजमध्ये वायफाय होतं, म्हणजे राउटर होता. त्यावर हिरवा दिवाही लागायचा. पण चारी बाजूंनी डोंगर, मध्ये वाडग्यासारखं धरण. फोनची कांडी कधी एक, कधी शून्य. यजमान दादांनी पहिल्याच दिवशी अंगणाच्या कडेला असलेला एक मोठा काळा दगड दाखवला. "सर, मॅडम, कॉल करायचा तर हितं उभं ऱ्हायचं. तोंड तिकोन्याकडं."

मग काय, दोन दिवस त्या दगडावर हजेरी लागत राहिली. नवऱ्याने एक रिलीज तिथूनच ढकलली. मी सप्लायरला मेल पाठवला. दादा स्वतः तिथेच उभे राहून पुढच्या वीकेण्डची बुकिंग घ्यायचे, लोकेशन पाठवायचे, ॲडव्हान्स यूपीआयने आला की मान डोलवायचे. बांधावरच्या म्हसोबाला नसेल एवढी गर्दी त्या दगडापाशी! एचआरवालीने तिसऱ्यांदा लोकेशन शेअर करून पाहिलं, तर नकाशात आम्ही चक्क पाण्यात. गंमत अशी, की पावसाळ्यानंतर तो नकाशा बरोबर असतो. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, नकाशाला ते कुठून कळणार?

फिनलंडमध्ये तळ्याकाठच्या उन्हाळी घराला 'मोक्की' म्हणतात. पंचावन्न-छप्पन लाख लोकवस्तीच्या त्या देशात अशी पाच लाखांच्या वर घरं आहेत. त्यातल्या कितीतरी घरांत मुद्दाम नळ घेतलेला नसतो. बादलीने तळ्यातून पाणी आणायचं, लाकडं फोडायची, सॉना तापवायचा, हीच सुट्टी. आपल्याकडे असं घर भाड्याने द्यायला काढलं तर पहिला रिव्ह्यू एका स्टारचा येईल, आणि तो लिहिणाऱ्यांत मी असेन. पण मुख्य फरक सुखसोयींचा नाही. त्यांची तळी हिमयुगाने करून ठेवलेली. आपल्या मावळात जिथे जिथे 'लेक' असा बोर्ड दिसतो, तिथे जवळपास प्रत्येक वेळी खाली एक धरण असतं आणि धरणाखाली कुणाची तरी शेतं. वळवण, शिरवता आणि लोणावळ्याचे तलाव टाटांच्या वीजयोजनेचे. त्यांच्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या फिरल्या. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते तिथेच.

हे सगळं मला वीकेण्डला निघताना आठवत होतं असं मुळीच नाही. निघताना मला फक्त सनस्क्रीन आठवत होतं.

फूट व्हॉल्व्हचा किस्सा

तर, शाम्पू. दादा धावत आले, म्हणाले, "मोटर चालू हाये मॅडम, पानी उचलंना झालंय." हे ऐकून आमच्या मेंटेनन्सवाल्याचा चेहरा असा काही खुलला, की आदल्या रात्रीच्या बार्बेक्यूनेही खुलला नव्हता! हातातले पोहे ठेवून तो उताराला लागला. मीही डोक्याला टॉवेल बांधून मागोमाग. क्वालिटीवाली आहे, बिघाड बघितल्याशिवाय राहवत नाही.

इथे एक साधी गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पंप पाणी लांब ढकलू शकतो, पण खालून ओढायची त्याची ताकद फार थोडी. खरं तर तो ओढतच नाही. तो पाइपमधला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर चढवतो. पुस्तकाप्रमाणे ही मर्यादा दहा मीटरच्या आसपास आहे आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरवर दमछाक होते. म्हणजे पाणी खाली गेलं की पंपालाही त्याच्या मागे खाली जावं लागतं. दादांचा मोनोब्लॉक पंप म्हणून एका लोखंडी गाड्यावर बसवला होता. दिवाळीत तो अंगणाजवळ असतो. मे महिन्यात बघावं तर उतारावरून पार खाली, मागे पाइपचे तुकडे जोडत जोडत नेलेला. जानेवारीपासून तो गाडा किती वेळा हलवला ते पाइपचे सांधे मोजले की कळतं. मी मोजले. अकरा!

पंप मूळचा दादांच्या वडिलांनी शेतीच्या उपशासाठी घेतलेला. आता त्यावर भाताचं रोपही जगतं आणि आमच्यासारख्यांचा शाम्पूही धुतला जातो. परवानगीच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. ऑडिटची सुट्टी होती!

दोष सापडला फूट व्हॉल्व्हमध्ये. पाइपच्या पाण्यातल्या टोकाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो. तो पाणी आत घेतो, पण परत जाऊ देत नाही. पाणी आदल्या रात्रीत उतरलं होतं, व्हॉल्व्ह तळाला टेकला होता आणि जाळी गाळाने बुजली होती. मेंटेनन्सवाल्याने लगेच तोडगा सुचवला, "दादा, व्हॉल्व्हला रिकामा कॅन बांधा. तरंगता राहील, चिखलात जाणार नाही." दादांनी शांतपणे पाण्यावर तरंगणारा एक निळा कॅन दाखवला. बांधलेलाच होता. रात्रीच्या वाऱ्यात दोरी सुटली होती, एवढंच. मित्राने पुढची पाच मिनिटं काही सुचवलं नाही.

दादांनी व्हॉल्व्ह उपसून धुतला, दोरी बांधली, पंपाचं बूच काढून तांब्या-तांब्याने पाणी भरलं. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं. आत हवा राहिली तर मोटर नुसतीच घरघर करते. स्टार्टर दाबला. आधी दोन उचक्या, मग पाइप ताठ झाला. वर कॉटेजमधून एचआरवालीची आरोळी आली, "आलं, आलं!" आमच्या सोसायटीत सकाळी येते तश्शीच आरोळी.

"म्हंजी आमचंच पानी"

वर आलो तर ओट्यावर दादांची आजी तांदूळ निवडत बसली होती. माझ्या डोक्यावरचा फेस बघून तिला हसू आवरेना.

"कुटल्या गावची गं तू?"

"निगडीची, आज्जी."

"म्हंजी आमचंच पानी पेतीस."

खरंच होतं ते. पवना धरणातून सोडलेलं पाणी आधी पायथ्याच्या १० मेगावॉटच्या छोट्या वीजघरातून जातं, मग नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथे महापालिका ते उचलते, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करते आणि मग ते आपल्या टाक्यांत. दिवसाला पाचशे दशलक्ष लिटरच्या आसपासचा हा हिशेब. उरलेली नदी चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीवरून पुढे जाऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. म्हणजे आदल्या रात्रीत पाणी खाली गेलं होतं, त्यात उन्हाचा वाटा होताच, पण बराचसा वाटा आमच्या शहराचा होता. मी निगडीत बादली भरते तेव्हा इथे पंपाचा गाडा एक पाऊल खाली सरकतो!

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गंमत म्हणून पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवली होती. रविवारी सकाळी पाहिलं तर काठी कोरड्यात उभी, पाणी चांगलं दोन हात लांब. उतार सपाट असेल तर पातळी बोटभर घटली तरी काठ हातभर मागे जातो. कागदावर हे सगळ्यांना माहीत असतं. डोळ्यांनी बघताना पोटात जरा कसंतरी होतं.

मी आजीला सांगितलं, की आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं, फार हाल होतात. ती निवडता निवडता थांबली. "आन आमच्याकडं रोज येतं व्हय?" मोटर यायच्या आधी उन्हाळाभर ती याच उतारावरून हंडा घेऊन वर चढायची. काठ जितका लांब, तितकी खेप लांब. आता मोटर आहे, पण लाइट गेली की पुन्हा तेच. वळवाच्या पावसात तारा तुटल्या तर दोन-दोन दिवस.

"मोटर कुणासाठी घेतली म्हंता? भातासाठी. तुमी आता आलाव."

उपग्रहातून दिसलेली बांधबंदिस्ती

दुपारी ऊन मी म्हणत होतं. काचेच्या भिंतीचं कॉटेज मे महिन्यात दुपारी दोन वाजता काय होतं हे इन्स्टाग्राम सांगत नाही. पंखा नुसता गरम हवा ढवळतो. आम्ही सगळे लॅपटॉप घेऊन आजीच्या कौलारू पडवीत सरकलो. तिथे शेणाने सारवलेली जमीन आणि अशी गार झुळूक, की ज्याने त्या कॉटेजचं डिझाइन केलं त्याला इथे एक दुपार बसवायला हवं.

गप्पांत आजीने मघाचाच विषय पुढे नेला. तिचं घर, म्हणजे सासरचं पहिलं घर, पाण्याखाली आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी अडलं तेव्हा ती नवी सून होती. भांडी, बैल आणि दाराच्या चौकटी घेऊन ही माणसं वर आली. "त्यो तिकडं, वढा व्हता ना, त्येच्या अंगाला." बोट पाण्याच्या मधोमध.

नवऱ्याच्या डोक्यात किडा वळवळला. त्याने फोनचा हॉटस्पॉट नेटवर्कच्या दगडावर ठेवला (खरंच, दगडावर ठेवून वर टॉवेल टाकला, नाहीतर तापून बंद पडतो) आणि लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडलं. त्यात जुन्या तारखांची उपग्रह-छायाचित्रं मागे सरकवून बघता येतात. आम्ही एका उन्हाळ्यातलं चित्र शोधलं, पाणी तळाला गेलेलं. मग हळूहळू मोठं केलं.

आधी नुसता तपकिरी चिखल. मग त्यात बारीक रेषा दिसायला लागल्या. वेड्यावाकड्या, एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या. मला त्या चिखलाच्या भेगा वाटल्या.

आजीने चष्मा वर केला, नाक पडद्याला लागेल इतकी जवळ आली. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग तिने बोटाने एक रेषा धरली. "ही गाडीवाट. ह्यो वढा." बोट पुढे. "हे पाटलाचं. हे पाटलाचं. हे भावकीचं..." मग बोट थांबलं. "आन ह्यो आमचा बांध."

पन्नास वर्षं पाण्यात राहिलेले भातखाचरांचे बांध होते ते. तिने पडद्यावर बोट इतकं दाबलं, की तिथे रंग फाकले. नवरा 'आज्जी, स्क्रीन' म्हणायच्या बेतात होता, मी त्याला कोपराने ढोसलं.

"घर कुठं दिसतंय का बघ," ती म्हणाली. आम्ही बघितलं. घर दिसलं नाही. मातीची भिंत पाण्यात किती टिकणार? बांध दगडांचे होते म्हणून राहिले. दगडी वाघेश्वराचं देऊळही असंच राहिलं आहे. पवनेच्या पाण्यात वर्षातले बरेच महिने बुडालेलं असतं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि मग लोक दर्शनाला जातात. आपल्यापैकी बरेच जण सेल्फीला.

दादांनी त्या चित्राचा प्रिंट मागितला. कलर, मोठा, लॅमिनेशन करून. "रिसेप्शनला लावायचा का?" एचआरवालीने उत्साहाने विचारलं. "न्हाय," दादा म्हणाले, "फायलीला लावायचा."

ती फाइल त्यांनी दाखवली नाही, पण ती काय असेल ते मावळात कुणालाही सांगावं लागत नाही. धरण होऊन अर्धशतक उलटलं तरी पवनेच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसनासाठीचे मोर्चे निघत राहिले.

मंगळवार, ९ ऑगस्ट

पवनेचं पाणी नदीतून न आणता धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनीने आणायचं, अशी पिंपरी-चिंचवड महापालिकेची योजना होती. लांबी जवळपास ३५ किलोमीटर. शहराच्या बाजूने बघितलं तर सरळ हिशेब, की वाटेत पाणी मुरत नाही, घाण मिसळत नाही. मावळच्या बाजूने बघितलं तर नदीकाठच्या शेतीचं पाणी पाइपात जाणार आणि आधी गेलेल्या जमिनीचा निकाल अजून लागायचाच. ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकऱ्यांनी बऊरजवळ एक्स्प्रेस वे अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे या तिघांचा त्यात मृत्यू झाला. योजना थांबली. स्थगिती उठली ती २०२३ मध्ये, आणि लगेच मावळातला विरोधही पुन्हा उठला.

मी तेव्हा कॉलेजात होते. खरं सांगायचं तर त्या दिवसाची माझी आठवण एवढीच आहे, की आम्ही लेक्चर बंक करून लोणावळ्याला निघणार होतो आणि हायवे बंद असल्यामुळे प्लॅन फिसकटला. आम्ही कँटीनमध्ये बसून वैतागलो होतो. कोण मेलं, कशासाठी, हे मी कित्येक वर्षांनी वाचलं. आणि तेव्हाही 'बंद पाइपलाइन झाली असती तर आपल्याला रोज पाणी आलं असतं' हा विचार माझ्या मनात आधी आला होता. त्या पडवीत बसून मला तो आठवला. पाइपलाइन चूक की बरोबर हे मी एका वीकेण्डच्या भांडवलावर सांगणार नाही. शहर वाढलंय, माणसं तहानलेली आहेत, आणि नदीतून येताना पाणी खराब होतं हेही खोटं नाही. पण आजीच्या फायलीचं काम आधी व्हायला हवं होतं, एवढं मला नक्की वाटतं.

जाणार असाल तर

पाण्यात उतरू नका. हे 'कृपया'वालं वाक्य नाही. त्या उपग्रहचित्राने मला जे कळलं ते कुठल्याच बोर्डवर लिहिलेलं नसतं. हा समुद्रकिनारा नाही, ही बुडालेली भातखाचरं आहेत. तळ एकसारखा उतरत नाही, पायऱ्यांनी उतरतो. गुडघाभर पाण्यात दहा पावलं मजेत चालाल आणि अकरावं पाऊल बांधावरून खाली, एकदम डोक्यावर पाणी. खाली गाळ, तो पाय सोडत नाही. दर उन्हाळ्यात इथे तरुण मुलं बुडतात, आणि त्यांना शोधायला लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' किंवा 'वन्यजीव रक्षक मावळ' या संस्थांची मंडळी आपापली कामंधामं सोडून येतात. पोहायला येतं म्हणणाऱ्यांनी तर अजिबात उतरू नये. नावेत बसलात तर लाइफ जॅकेट फोटोपुरतं घालू नका, बक्कल लावा.

बाकी पॉवर बँक न्या, टॉर्च न्या, फोनमध्ये गाणी आधीच उतरवून घ्या. रोख पैसे थोडे ठेवा, कारण यूपीआय दगडावरच चालतं आणि दगडावर रांग असते. लाकडी कॉटेजपेक्षा कौलारू खोली मिळाली तर डोळे मिटून घ्या, निदान मे महिन्यात. चाकणवाल्यांना पवना लांब पडत असेल तर भामा आसखेड आणि चासकमान जवळ आहेत. गर्दी कमी, सोयी त्याहून कमी. भामा आसखेडचं पाणी पुण्याच्या पूर्व भागाला २०२१ पासून जातं, म्हणजे तिथेही कुणाच्या तरी नळाचं माहेर आहेच.

रविवारी अकराला आम्ही निघालो. दगडावर उभं राहून बिल भरलं. त्याच दगडावर सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज येऊन पडला, "उद्या पाणी येणार, सर्वांनी भरून ठेवावे." आजीने पिशवीभर करवंदं दिली आणि माझा चार्जर मी तिच्या पडवीतच विसरले.

सोमवारी सकाळी नळाने आधी हवा सोडली, मग उचक्या दिल्या, मग धार धरली. मी बादली लावली आणि चार्जरचं विचारायला दादांना फोन केला. ते गाडा हलवायला खाली गेले होते. फोन आजीने घेतला. पलीकडून तिचा मोठ्ठा आवाज, "पोचलं का गं?"

"हो आज्जी, कालच दुपारी पोचलो आम्ही."

"तुमी न्हाय गं," ती म्हणाली, "पानी."